उतारावरचे घर

माझे एक ज्येष्ठ स्नेही माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. गेल्या मे महिन्यात त्यांनी मला पुण्याहून दीड तासाच्या अंतरावर, डोंगराच्या कुशीत पाहून ठेवलेला एक प्लॉट दाखवायला नेले. समोर धरणाचे पाणी, मागे कडा, संध्याकाळचा वारा. इसार देऊन झाला होता. जागा सपाट केलेली होती, म्हणजे डोंगर मागच्या बाजूने खोदून निघालेली माती पुढच्या बाजूला पसरली होती. मागे पुरुषभर उंचीपेक्षाही मोठा काप, अगदी भिंतीसारखा उभा. सरांनी त्या कापावर हात थोपटला आणि म्हणाले, "बघा, नखाने खरवडली तरी माती निघत नाही. दोन पावसाळे हा असाच उभा आहे. मग भीती कसली?"

प्रश्न रास्त होता. शिवाय तो गणिताच्या शिक्षकाने विचारलेला, तेव्हा 'तज्ज्ञांना विचारा' असे सांगून सुटका करून घेणे बरे दिसले नसते. त्या दिवशी आणि नंतर आमचे जे बोलणे झाले, ते येथे जरा सविस्तर मांडतो. यातले बरेचसे वर्गात करून दाखवता येईल.

सुरुवात कोरड्या वाळूपासून करू. स्वच्छ, चाळलेली, उन्हात वाळवलेली वाळू ताटात एका जागी हळूहळू ओता. ढीग वाढतो, पण त्याची बाजू एका ठरावीक कोनापेक्षा जास्त उभी होत नाही. आणखी वाळू टाकली की ती घसरून खाली जाते. कोनमापकाने हा कोन मोजा. बहुतेक वाळूसाठी तो ३० ते ३५ अंशांच्या आसपास येईल. याला आपण 'ढिगाचा कोन' म्हणू. उतारावरचा प्रत्येक कण गुरुत्वाकर्षणामुळे खाली ओढला जात असतो आणि खालच्या कणांशी असलेल्या घर्षणामुळे थांबून राहिलेला असतो. घर्षण किती मिळेल, हे कण एकमेकांवर किती जोराने दाबले गेले आहेत यावर अवलंबून असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्याच वाळूत थोडेसे पाणी शिंपडा आणि पेल्यात दाबून पेला उलटा करा. वाळू पेल्याच्या आकारात उभी राहते; बाजू ९० अंशांची! समुद्रकिनाऱ्यावर किल्ला केलेल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असते. कणांच्या सांध्यांमध्ये पाण्याचे छोटे छोटे थेंब अडकलेले असतात आणि पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे खेचतात. ही ओढ बाहेरून लावलेल्या दाबासारखीच काम करते. बारीक कणांच्या मातीत ती आणखी मोठी असते. सरांच्या प्लॉटमागचा काप मे महिन्यात दगडासारखा लागत होता, त्यात या ओढीचा मोठा वाटा होता.

तिसरी पायरी अशी. पारदर्शक प्लास्टिकच्या लांबट डब्यात ओल्या वाळूचा उतार करा आणि डब्याच्या मागच्या बाजूला, वाळूच्या वरच्या टोकाकडे, बारीक धारेने पाणी सोडत राहा. बराच वेळ काहीच होत नाही. पाणी वाळूच्या आतून पुढे सरकताना डब्याच्या बाजूने दिसते. मग उताराच्या पायथ्याशी पाणी डोकावते, पायथ्याची वाळू लापशीसारखी होऊन पसरते, तिच्या वरचा भाग आधार गेल्यामुळे खचतो, मग त्याच्या वरचा. पाणी वर ओतले, पण ढासळायला सुरुवात झाली ती खालून, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम पाहायला सांगा.

आता या तिसऱ्या पायरीचे कारण. 'पाण्यामुळे माती निसरडी होते, पाणी वंगणासारखे काम करते,' असे आपण सहज बोलतो. ते बरोबर नाही. वाळूचा कण कोरडा असो वा भिजलेला, त्याचा खडबडीतपणा फारसा बदलत नाही. बदलतो तो कणांमधला दाब. नदीत छातीभर पाण्यात उभे राहिल्याचा अनुभव आठवा. पाय तळाला टेकलेले असतात, तळ तोच असतो, पण पाय रोवता येत नाहीत. जरासा प्रवाह आला तरी माणूस ढकलला जातो. पाण्याने आपले बरेचसे वजन उचलून धरलेले असते, म्हणून तळावरचा दाब कमी आणि पकडही कमी. पाण्याने भरलेल्या मातीत प्रत्येक कणाची हीच अवस्था असते. कार्ल तेरझागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात हा विचार पद्धतशीरपणे मांडला आणि मृदा-यांत्रिकी या शास्त्राचा पाया घातला.

याचे गणित सोपे आहे. पाण्याने पूर्ण भिजलेल्या एक घनमीटर मातीचे वजन ढोबळमानाने २ टन धरू. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन १ टन, म्हणजे २ टनांपैकी १ टन पाण्याने तोललेला. उताराला समांतर पाणी वाहत असेल, तर खाली ओढणारा जोर पुऱ्या २ टनांचा असतो, पण घर्षण मिळते ते उरलेल्या १ टनावर. घर्षण निम्मे झाले! ढिगाचा कोन ३५ अंश असेल तर त्याचे टॅन ०.७०. त्याचे निम्मे ०.३५. ज्याचे टॅन ०.३५ तो कोन सुमारे १९ अंश. म्हणजे कोरडेपणी ३५ अंशांवर उभी राहणारी वाळू पाण्याने पूर्ण भरली की २० अंशांच्या उतारावरही टिकत नाही.

मी सरांच्या हाती कोनमापक, दोरा आणि ओळंबा म्हणून एक खडा दिला. शेजारच्या, अजून न खोदलेल्या जमिनीचा उतार त्यांनी स्वतःच मोजला. २४ अंश आला. ते काही बोलले नाहीत.

अर्थात खरी जमीन म्हणजे निव्वळ वाळू नव्हे. तिच्यात चिकणमातीचा चिकटपणा असतो, दगडगोटे असतात, मुळे असतात. म्हणूनच २४ अंशांचे, ३० अंशांचे डोंगर शतकानुशतके उभे आहेत आणि प्रत्येक पावसाळ्यात कोसळत नाहीत. झाडांची मुळे वरच्या एखाद-दोन मीटर मातीला चांगले बांधून ठेवतात, त्याच्या खालच्या थराला मात्र त्यांचा फारसा उपयोग नसतो. तरी एवढे खरे, की नैसर्गिक उतार काठावरच उभा असतो. जे कोसळायचे ते पूर्वीच कोसळून गेलेले असते आणि उरलेले जेमतेम तोल राखून असते. आपण खोदकाम करतो ते अशा जागी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उतारावरच्या घराचा धोका घराच्या वजनामुळे असतो, असे बहुतेकांना वाटते. हिशोब करून पाहू. एकमजली पक्क्या घराचे वजन जमिनीच्या दर चौरस मीटरला साधारण एक ते दीड टन पडते. मातीचे एका घनमीटरला पावणेदोन टन धरले, तर घर बसवण्यासाठी दीड मीटर माती काढल्यावर दर चौरस मीटरला अडीच टनांहून जास्त वजन कमी झाले. कापलेल्या भागावर घराने घातलेले वजन काढलेल्या वजनापेक्षा कमीच भरते. डोंगराला घर जड होत नाही. घरासाठी जागा सपाट करताना जे केले जाते, ते त्याला सोसत नाही.

काय केले जाते? २४ अंशांच्या उतारावर १२ मीटर खोलीचा प्लॉट घेतला, तर त्याच्या मागच्या आणि पुढच्या कडेत ५.३ मीटरचा फरक असतो. निम्मे खोदून निम्मे भरायचे ठरवले तरी मागे सुमारे २.७ मीटरचा उभा काप आणि पुढे तेवढाच भराव. कापामुळे वरच्या उताराचा पायथा निघून गेला. डब्यातल्या वाळूत जो भाग प्रथम गेला, तोच आपण हाताने काढला. भरावाची माती सैल असते. ती यंत्राने थराथराने दाबली नसेल, तर पहिल्याच पावसात पाणी पिते आणि बसते. शिवाय तिचे वजन खालच्या उतारावर नव्याने पडते. आता खालच्या ओळीतही असाच प्लॉट पाडलेला असेल, तर वरच्याचा भराव खालच्याच्या कापावर उभा राहतो. वर २.७ मीटर सैल माती, खाली २.७ मीटर उभी कड, आणि त्याखाली कोणाचे तरी स्वयंपाकघर.

काप आणि भराव या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जिवावर बेतल्याचे उदाहरण हाँगकाँगमध्ये घडले. १८ जून १९७२ रोजी, काही दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, पो शान रोड येथे बांधकामासाठी खोदलेल्या जागेवरचा उतार सुटला आणि एक बारा मजली इमारत जमीनदोस्त झाली. ६७ माणसे गेली. त्याच दिवशी साऊ माऊ पिंग येथे रस्त्याचा भराव खचून खालच्या वस्तीवर गेला आणि ७१ माणसे दगावली. १९७६ मध्ये पुन्हा भराव कोसळून माणसे मेली, तेव्हा तिथल्या सरकारने १९७७ साली केवळ उतारांची जबाबदारी असलेले स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. आज तिथल्या सुमारे ६० हजार मानवनिर्मित उतारांची नोंद आहे. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि त्याची देखभाल कोणी करायची हे ठरलेले आहे. तेव्हा उतारावर घर बांधताच येत नाही असे नव्हे. येते, पण तो खर्च एकदाचा नसून कायमचा असतो.

आपल्याकडच्या डोंगराची गोष्ट थोडी निराळी आहे. सह्याद्री म्हणजे बेसाल्टच्या लाव्ह्याचे एकावर एक जवळजवळ आडवे पसरलेले थर. त्यांतले काही घट्ट काळ्या पाषाणाचे, काही सच्छिद्र आणि लवकर कुजणारे. दोन थरांमध्ये कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा असतो. घाटातल्या रस्त्याच्या कडेला तो सहज ओळखू येतो. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थराची पायरी होते. कड्यावरून सुटलेले दगड आणि माती हजारो वर्षे पायरीवर साचत राहते. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते आणि ज्या थरातून पुढे जाता येत नाही त्याच्या माथ्यावर आडवे वाहत जाऊन पायरीवर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते.

आता आपले पूर्वज वस्तीसाठी जागा कुठे शोधतील? कड्यावर नाही आणि खडकावरही नाही. जिथे उतार जरा कमी आहे, माती खोल आहे आणि बारमाही झरा आहे, तिथेच. डोंगरातल्या कित्येक वाड्या अशा पायऱ्यांवर वसल्या आहेत. त्या वस्तीला आडमुठेपणा म्हणणाऱ्यांनी उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन एकदा डोंगर चढून पाहावा. पण ज्या दोन गोष्टींनी ती जागा राहण्याजोगी केली, ती खोल सैल माती आणि आतून येणारे पाणी, त्याच दोन गोष्टी एखाद्या अतिवृष्टीत दरड तयार करतात.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर वरचा डोंगर आला आणि सुमारे १५० माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही, ही गोष्ट प्रथम त्या मार्गावरच्या एस.टी. चालकाच्या लक्षात आली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या खालची ठाकरांची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. या भागात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे सरकारने सांगितले. विद्यार्थ्यांना हिशोब करायला सांगा: ४९९ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ अर्धा टन पाणी. मातीत ३० टक्के पोकळी धरली आणि सगळे पाणी आत मुरले असे मानले, तर दीड मीटरहून जास्त जाडीची माती त्याने पूर्ण भरते. प्रत्यक्षात बरेच पाणी वाहून जाते. पण जुलै महिन्यात पोकळी रिकामी तरी किती असते?

या घटनांत घरे कड्याच्या तोंडावर नव्हती. दरड वरच्या उतारावरून आली. म्हणून आपल्या प्लॉटचा उतार मोजणे पुरेसे नाही, डोक्यावर काय आहे हेही पाहावे लागते. महाराष्ट्राच्या नगररचनेच्या नियमांत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करू नये असे म्हटले आहे. १:५ म्हणजे सुमारे ११ अंश, टॅन ०.२०. मघाशी काढलेल्या ०.३५ शी ताडून पाहा. पाण्याने भरलेल्या वाळूतही थोडी शिल्लक ठेवणारा हा आकडा आहे. मला तो नियम चांगला वाटतो. पण ओल्या चिकणमातीचा घर्षणकोन २० अंश किंवा त्याहूनही कमी असू शकतो. तिथे ही शिल्लक संपते. आणि सपाट प्लॉटच्या डोक्यावर ४० अंशांचा उतार असेल, तर त्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

पुनर्वसन करताना सुद्धा ही चूक होते. माळीणच्या लोकांसाठी आमडे येथे पक्क्या घरांची नवी वसाहत झाली, २०१७ च्या एप्रिलमध्ये तिचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथे भराव खचल्याच्या आणि रस्त्यांना भेगा पडल्याच्या बातम्या आल्या. एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसांनी त्या रात्री काय अनुभवले असेल, याची कल्पना करवत नाही.

सरांच्या प्लॉटच्या पुढच्या अंगाला भराव धरून ठेवणारी तीन मीटर उंचीची काँक्रीटची भिंत होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही तर मजबूत आहे?" भिंतीमागची माती कोरडी असेल, तर ती दर मीटर लांबीला सुमारे २.७ टन जोराने भिंत ढकलते. मागे काठोकाठ पाणी साचले, तर एकट्या पाण्याचाच जोर साडेचार टन होतो आणि भिजलेल्या मातीचा धरून एकूण सहा टन. दुपटीहून जास्त! कोकणातला गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेला बांध, पावसाळ्यामागून पावसाळे टिकतो, कारण त्याच्या फटींतून पाणी निघून जाते. आपण फटी सिमेंटने बुजवतो आणि तिला मजबुती म्हणतो. काँक्रीटच्या भिंतीला पाणी निथळायची छिद्रे हवीत, छिद्रांमागे खडीचा थर हवा आणि ती तुंबत नाहीत हे दरवर्षी पाहायला हवे. तसेच वरून येणारे पाणी घराच्या मागे अडवून बाजूने नेणारा चर हवा, छपराचे पाणी पन्हळीने दूर सोडायला हवे. शोषखड्डा ही सपाटीवर उत्तम गोष्ट. उतारावर घराच्या मागे तो करणे म्हणजे डब्यातल्या वाळूला बाराही महिने धार लावून ठेवणे. घर उताराप्रमाणे दोन पातळ्यांवर किंवा खांबांवर घेतले, तर खोदाई पुष्कळ कमी होते. पण सपाट अंगण हवे असते ना सगळ्यांना.

सध्या अशा जागी राहत असलेल्यांसाठी, आणि डोंगराखालच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी तर विशेष, काही खुणा सांगतो. वरच्या उतारावर कमानीसारखी वळलेली भेग पडणे, विजेचा खांब किंवा झाड थोड्याच दिवसांत कलणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट होणे, भिंतीला पोट येणे. झऱ्याकडे सर्वांत जास्त लक्ष ठेवावे. नेहमीचे स्वच्छ पाणी गढूळ झाले, नव्या जागी पाणी फुटले, किंवा भर पावसात वाहता झरा एकाएकी आटला, तर आत काहीतरी हलले आहे असे समजावे आणि बाजूच्या सुरक्षित जागी निघून जावे, ओढ्याच्या वाटेने नव्हे. भेग उन्हाळ्यात दिसली तर ती चिकणमातीने ठासून बुजवावी, म्हणजे तिच्यातून पाणी आत जाणार नाही, आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवावे. मुलांना झऱ्याची वही ठेवायला सांगता येईल: तारीख, पाऊस, पाण्याचा रंग. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी पुरते.

सरांना मी एवढेच सुचवले, की निर्णय करण्यापूर्वी जागा पावसात एकदा पाहून या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काप उभाच होता. "पण भिंतीच्या छिद्रांतून पाणी येत नाही हो," ते म्हणाले, "भिंतीच्या खालून येतंय, आणि ते लाल आहे." मी त्यांना भिंतीपासून लांब उभे राहायला सांगितले.

तो प्लॉट त्यांनी घेतला नाही. इसाराची काही रक्कम परत मिळाली, काही मिळाली नाही. काप अजून उभा आहे, असे त्यांच्याकडून कळते. भिंत मात्र मधल्या भागात पुढे झुकली आहे, आणि वरच्या ओळीत दोन घरांचे जोते झाले आहे.